मदत हवी आहे: पॉप आर्ट मेकअप आरशात जमतो, छायाचित्रात मात्र गोवर उठल्यासारखा दिसतो

नमस्कार.

गेले तीन महिने मी चेहऱ्यावर पॉप आर्ट शैलीचा, म्हणजे चेहरा छापील कॉमिकमधल्या चित्रासारखा भासवणारा मेकअप करणे, त्याचे छायाचित्र काढणे आणि त्या छायाचित्रावरून डिजिटल चित्र तयार करणे असा उद्योग हाती घेतला आहे. मॉडेल बहुतेक वेळा मीच असते. धाकट्या बहिणीकडे फुरसत आणि सहनशक्ती दोन्ही असतील, तेव्हा ती बसते. मी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, परंतु हात बरा आहे. आतापर्यंत अकरा प्रयत्न झाले आणि अकराही वेळा आरशात जे समाधान वाटले, ते छायाचित्र पाहताच ओसरले. म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी पद्धत अशी आहे. चेहऱ्याला मॅट फाउंडेशन लावून त्यावर पावडर बसवते. काळ्या जेल लायनरने भुवया, नाकाची एक बाजू, ओठांची कड आणि हनुवटीची रेषा जाड काढते. पाण्यात कालवायचा लाल फेस पेंट घेऊन, पेन्सिलीच्या मागच्या रबराने दोन्ही गालांवर आणि कपाळावर ठिपके उमटवते. डोळ्याखाली निळा अश्रू काढून त्याला काळी कड देते. छायाचित्र डावीकडच्या खिडकीच्या उजेडात, फोन हातात धरून काढते. अंधारले असल्यास फ्लॅश वापरते.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. पहिली म्हणजे, छापील कॉमिकमधले ठिपके जसे डोळ्यांना ठसठशीत दिसतात तसे माझे दिसत नाहीत. छायाचित्र लहान करून पाहिले की गालांवर पुरळ आल्याचा भास होतो. दुसरी, हनुवटीची काळी रेषा आणि हनुवटीची खरी सावली अशा दोन रेषा शेजारी-शेजारी येतात आणि त्यांत माझी रेषा खोटी पडते. तिसरी, आम्हा दोघींचा वर्ण गव्हाळ ते सावळा असल्यामुळे लाल ठिपके उठत नाहीत. ते उठावेत म्हणून पांढरा बेस लावला, तर चेहरा मुखवट्यासारखा निर्जीव होतो. चौथी अडचण मला अधिक छळते: छायाचित्रावरून चित्र काढल्यावर ते कोणत्याही ॲपमधल्या तयार फिल्टरसारखे दिसते. मग दोन तास मेकअप करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मलाच पडतो.

अवांतर: नवव्या प्रयत्नात मी उजव्या गालावर आरशात पाहून मोठ्या हौसेने ‘धडाम’ असे लिहिले. आरशात ते सुरेख वाचता येत होते. छायाचित्रात मात्र ते उलटे आले आणि ‘ध’ची गाठ कोणत्या बाजूला असते, हे बहिणीने मला कागदावर काढून दाखवले.

प्रतिसाद १

तुमची पद्धत वाचून असे वाटते की मेकअप आरशासाठी होत आहे आणि छायाचित्र नंतर सुचत आहे. या शैलीत क्रम उलटा ठेवावा लागतो. चेहरा गोलाकार असतो, कॉमिकमधील चेहरा सपाट असतो, आणि गोलाकार वस्तू सपाट भासवायची तर तो भास एकाच ठिकाणाहून पाहणाऱ्याला होतो. ते ठिकाण म्हणजे कॅमेरा. त्यामुळे रंगाची डबी उघडण्यापूर्वी कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) कायम करावा, खुर्चीची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखावी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर तिथूनच एक छायाचित्र काढून पुढची रेषा ठरवावी.

अंतर हा पहिला दोष दिसतो. हातभर अंतरावरून, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवरून, काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे होते आणि कान मागे जातात. त्याबरोबर तुमचे ठिपकेही नाकाजवळ मोठे आणि कानाकडे लहान होतात. फोन दीड ते दोन मीटर दूर ठेवून त्याची टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) लेन्स वापरावी. वेगळा कॅमेरा असल्यास फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर) ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स आणि लेन्सचे छिद्र बऱ्यापैकी लहान, एफ/८ च्या आसपास ठेवावे, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सर्व रेषा स्पष्ट येतील. चेहरा उजळवणारी ‘ब्यूटी’ सुविधा बंद आहे ना, हेही तपासावे. ती तुमच्या ठिपक्यांना डाग समजून प्रामाणिकपणे पुसत असते!

दुसरा दोष उजेडाचा आहे. एका बाजूच्या खिडकीमुळे चेहऱ्याला खोली मिळते, जी व्यक्तिचित्रात हवीहवीशी वाटते आणि इथे मात्र नेमकी नको असते. सावली काढण्याचा अधिकार इथे फक्त तुमच्या ब्रशला असावा. खिडकीकडे तोंड करून बसावे, खिडकीवर पांढरी चादर ताणावी, आणि हनुवटीखाली मांडीवर पांढरा पुठ्ठा धरावा. हनुवटीची खरी सावली त्यामुळे बरीच विरघळते. हनुवटीची रेषाही अगदी कडेवर न काढता अर्धा सेंटिमीटर वर, चेहऱ्याच्या आतल्या बाजूला काढून पाहावी. आरशात ती चुकल्यासारखी वाटेल, परंतु समोरून तीच चेहऱ्याची कड होते. थेट फ्लॅश टाळावा, कारण सिलिकायुक्त पावडर तसेच टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन त्यात पांढरे फटक उमटते.

आता ठिपके. छपाईतील हे ठिपके अमेरिकी मुद्रक बेंजामिन डे यांच्या नावाने ‘बेन-डे’ म्हणून ओळखले जातात आणि ही पद्धत १८७९ च्या सुमारास आली. एका भागात सर्व ठिपके सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर असणे, हे त्यांचे लक्षण. १९६० च्या दशकात पॉप आर्ट चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांनी हेच ठिपके मोठे करून, छिद्रे असलेल्या पत्र्यातून रंग उतरवून कॅनव्हासवर आणले. म्हणजे शिस्त हाच त्या ठिपक्यांचा प्राण आहे. गोवराचे ठिपके बेशिस्त असतात, एवढाच काय तो फरक. पांढऱ्या पेन्सिलीने आधी पुसट जाळी आखावी आणि प्रत्येक दुसरी ओळ अर्ध्या घराने सरकवावी, जेणेकरून ठिपके तिरक्या रांगांत दिसतील. गालाच्या गोलाईबरोबर ओळ वळवू नये. कॅमेऱ्यातून ती सरळ दिसली पाहिजे.

आणखी एक बारकावा, जो सहसा कोणी करत नाही. ठिपक्यांची रांग काळ्या रेषेपाशी पोहोचली की आपण शेवटचा ठिपका जागा पाहून पूर्ण काढतो किंवा सोडून देतो. तसे न करता तो रेषेने कापला जाऊ द्यावा, म्हणजे काही ठिकाणी अर्धा आणि काही ठिकाणी नुसती चंद्रकोर उरेल. पुरळ कधी रेषेपाशी कापली जात नाही. छापलेला रंग कापला जातो. माझ्या अनुभवात या कापलेल्या ठिपक्यांनी जेवढे काम होते, तेवढे बाकी कशानेही होत नाही.

प्रतिसाद २

वर्णाच्या प्रश्नावर लिहितो. जुन्या कॉमिकमध्ये फिकट त्वचा दाखवण्यासाठी पिवळ्या छटेवर लाल ठिपके छापत असत आणि त्यांखाली कागद पांढरा असे. लाल रंग तिथे उठतो, त्याचे श्रेय त्या कागदाला जाते. तुमच्या गालाखाली पांढरा कागद नाही, तेव्हा तोच लाल तिथे चालावा असा आग्रह कशासाठी? त्वचा उजळ करून घेण्यापेक्षा ठिपक्यांचा रंग बदलावा. सावळ्या वर्णावर गडद निळा किंवा काळपट तांबडा चांगला बसतो; पिवळा आणि पांढरा तर फारच देखणे दिसतात. फिकट रंगाचा ठिपका देताना आधी पांढरा ठिपका वाळू द्यावा आणि त्यावर रंग द्यावा, नाहीतर खालची त्वचा रंगातून डोकावते.

परीक्षा सोपी आहे. पहिले दहा-बारा ठिपके झाले की फोन कृष्णधवल पद्धतीवर ठेवून पाहावे. ठिपके दिसेनासे झाले, तर रंग वेगळा असूनही त्याची गडदता त्वचेइतकीच आहे असे समजावे आणि तिथेच थांबून रंग बदलावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पांढऱ्या कागदाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी तीन महिने स्वतःच्या त्वचेलाच दोष देत होते. एक उपप्रश्न आहे: ठिपक्याचा आकार किती असावा? माझ्या पेन्सिलीच्या रबराने साधारण ५ मिलिमीटरचा ठिपका येतो, पण हात हलका ठेवते, त्यामुळे प्रत्यक्षात तो ४ च भरतो.

प्रतिसाद १

छायाचित्र शेवटी कोणत्या आकारात पाहिले जाणार, यावर ते ठरते. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहरा २० सेंटिमीटरचा धरला आणि छायाचित्रात त्याला ८०० पिक्सेल मिळाले, तर एका सेंटिमीटरला ४० पिक्सेल येतात आणि तुमचा ४ मिलिमीटरचा ठिपका १६ पिक्सेलचा होतो. ते पुरेसे आहे. तेच छायाचित्र लहान चौकटीत ११० पिक्सेलच्या चेहऱ्याएवढे झाले की ठिपका जेमतेम दोन पिक्सेलचा उरतो आणि शेजारच्या ठिपक्यांत मिसळून गाल नुसता तांबूस दिसतो. तुम्हाला दिसणारी पुरळ ती हीच. ७ मिलिमीटरचा ठिपका आणि केंद्रापासून केंद्रापर्यंत ११ मिलिमीटर अंतर ठेवून पाहावे. गालावर कमी ठिपके मावतील, त्याची चिंता करू नये.

प्रतिसाद ३

थोडे सावधगिरीचे. कागदावरचे ॲक्रिलिक रंग ‘विषारी नाही’ असे डबीवर लिहिलेले असले तरी चेहऱ्याला लावू नयेत. काही लाल रंगांवर डोळ्यांभोवती वापरू नये अशी सूचना असते, ती वाचावी. नवा रंग कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. काढताना घासू नये. आधी तेलकट क्लेन्झरने सैल करावा आणि मग धुवावा. बहीण पुन्हा बसावी अशी इच्छा असेल, तर हे अधिकच पाळावे.

प्रतिसाद ४

मी चित्रे काढतो, त्यामुळे चौथ्या अडचणीवर बोलतो. तयार फिल्टर बहुधा हाफटोन पद्धतीने चालतो, म्हणजे उजेड असेल तिथे ठिपका बारीक आणि अंधार असेल तिथे मोठा करतो. वर सांगितलेले बेन-डे ठिपके एकाच मापाचे असतात. तुमचे चित्र फिल्टरसारखे दिसते, याचे निम्मे कारण मला हेच वाटते. ठिपक्यांचा नमुना स्वतः तयार करावा, चित्र ज्या आकारात द्यायचे त्याच आकारात तो भरावा, आणि भरल्यानंतर चित्र लहान-मोठे करू नये, अन्यथा ठिपक्यांवर लहरी उमटतात. दोन रंगांचे ठिपके एकमेकांवर येणार असतील, तर त्यांच्या रांगांत ३० अंशांचा फरक ठेवावा. छापखान्यातही लहरी टाळण्यासाठी असेच करतात. क्रिटा हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरते.

उरलेले निम्मे कारण असे की तुम्ही सगळेच गिरवता. मेकअपने चेहऱ्याचे चित्र आधीच केलेले आहे. त्यावरून पुन्हा चित्र काढले, तर मेकअप शिल्लकच राहत नाही. चेहरा छायाचित्रातलाच ठेवावा आणि केस, पार्श्वभूमी, खांदे, संवादाचा फुगा एवढेच सपाट चार-पाच रंगांत आणि जाड काळ्या रेषेत काढावे. केस तर जरूर काढावेत, कारण रंगवलेल्या चेहऱ्याभोवती खरे केस आले की सगळा भास तिथेच मोडतो. पाहणाऱ्याला बुबुळातली चमक खरी दिसेल, ओठांवरची बारीक सुरकुती खरी दिसेल, आणि हे छायाचित्र की चित्र, अशा संभ्रमात तो क्षणभर थांबेल. तो क्षण फिल्टरला देता येत नाही.

‘धडाम’ही गालावर लिहिण्याऐवजी चित्रात लिहावे. शिरोरेषा जाड आणि चढती ठेवावी, अक्षरे तिला लोंबकळल्यासारखी काढावीत, ‘डा’ला सर्वांत मोठा करावा. देवनागरीत स्फोट चांगला होतो.

धागाकर्ती

बारावा प्रयत्न झाला, म्हणून कळवते. बहीण दोन तास बसली. खिडकीवर चादर, मांडीवर पुठ्ठा, फोन दोन मीटरवर. जाळी आखून गडद निळे ठिपके दिले. पहिल्या दोन ओळी कृष्णधवलमध्ये अदृश्य झाल्या, तेव्हा त्या पुसून पिवळे दिले, पांढऱ्याच्या अस्तरासह. जबड्याच्या रेषेपाशी ठिपके अर्धे कापले आणि, खरे सांगायचे तर, तेवढ्याच भागाचे छायाचित्र मी चार वेळा मोठे करून पाहिले. तिथे गाल त्वचेचा वाटतच नाही. पुरळ नाही, दुहेरी रेषाही नाही. केस आणि पार्श्वभूमी चित्रात काढत आहे, ‘धडाम’ची शिरोरेषा अजून मनासारखी चढत नाही.

एक नवी अडचण मात्र उद्भवली. पहिले छायाचित्र पाहून बहीण हसली आणि ओठांच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत पिवळे ठिपके तडकले. पांढरे अस्तर आणि वरचा पिवळा असे दोन थर झाल्यामुळे ते अधिक तडकले असावेत. पातळ थर दिले तर त्वचा डोकावते, जाड दिले तर तडे जातात. तोंडाभोवतीच्या ठिपक्यांसाठी क्रीमचा रंग घेऊन त्यावर पावडर बसवावी, की तो भाग रिकामाच सोडावा? कोणी करून पाहिले असल्यास कृपया सांगावे. तिला हसू नकोस म्हणून सांगणे शक्य नाही.