मेलन बटरफ्लाय मासा काहीच खात नाहीये, वाचवता येईल का?

चिंचपोकळीचा_नवखा

नमस्कार मंडळी. मेहुण्याची बंगळुरूला बदली झाली आणि त्याचा खाऱ्या पाण्याचा टॅंक माझ्या गळ्यात पडला. साधारण ३०० लिटरचा आहे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), चिलर, सम्प (खालची फिल्टरची टाकी) सगळं चालू कंडिशनमधे. क्लाउनची जोडी आणि एक सेलफिन टॅंग जुने आहेत, ते मस्त खातात. प्रॉब्लेम आहे मेलन बटरफ्लायचा, तो मेहुण्याने जायच्या थोडंच आधी घेतला होता. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की सगळं खातो. इथे तर पेलेटकडे बघत पण नाही, फ्रोझन मायसिस (बारीक झिंग्यासारखे जीव) टाकलं की तोंडात घेतो आणि थुंकतो, आणि दिवसभर दगडांवर टोचत फिरतो. टॅंग मधून मधून त्याच्या अंगावर जातो. पाणी चेक केलं, अमोनिया ० आहे, सॅलिनिटी १.०२५, टेंपरेचर २६. पोट थोडं आत गेल्यासारखं वाटतंय. एक जण म्हणाला लसणाचा रस लाव, दुसरा म्हणाला सरळ जिवंत अ‍ॅक्रोपोरा कोरल आणून टाक, खाईल. नक्की काय करू? गोड्या पाण्याचा अनुभव आहे पण हे सगळं नवीन आहे, सांभाळून घ्या.

खारट_ठाणेकर

भाऊ, आधी मासा नक्की कुठला ते बघा. शेपटीच्या मुळाशी नारिंगी रंग असेल तर हिंदी महासागरातला मेलन, म्हणजे कीटोडॉन ट्रायफॅसिएटस. नसेल तर पॅसिफिकवाला ल्युन्युलाटस. आपल्याकडे दोघांना मेलनच म्हणतात, आणि खाण्याच्या बाबतीत दोघं सारखेच हट्टी. (हिंदी महासागरवाल्याला शास्त्रीय नाव १७९७ मधे मंगो पार्कने दिलं, तोच जो आफ्रिकेत नायजर नदी शोधायला गेला. सहज आठवलं म्हणून.)

आता कडू बोलतो. बटरफ्लायच्या जवळपास १३० जाती आहेत आणि लोक सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. ऑरिगा, रकून, क्लाईनी हे चरणारे मासे, किडे, झिंगे, शैवाल, मिळेल ते खातात. मेलन, शेवरॉन, ऑर्नेट, मेयर्स, बॅरोनेस हे कोरलवर जगणारे. शेवरॉन तर एवढा चिकट की एका टेबलासारख्या अ‍ॅक्रोपोराभोवती हद्द आखून बसतो आणि तेच खातो. या माशांना अन्न म्हणजे जिवंत पॉलिप (कोरलचे बारीक जीव) आणि त्यावरचा चिकट थर, पाण्यात तरंगणारी वस्तू त्यांना अन्न वाटतच नाही. त्यामुळे तुमचा मासा नखरे करत नाहीये. त्याला खरंच कळत नाहीये की मायसिस खायचं असतं.

म्हणून असे मासे विकत घेऊ नयेत हे माझं स्पष्ट मत. मागणी थांबली तर दुकानात यायचे थांबतील. लक्षद्वीपमधे १९९८ ला पाणी तापून कोरल पांढरं पडलं, असं झालं की हे मासे आधीच उपाशी पडतात, वर आपण आणि काढतोय. पण तुमच्याकडे आलाय तर आता प्रयत्न करायलाच हवा.

अ‍ॅक्रोपोरा मात्र आणू नका. सगळी दगडी कोरल वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मधे आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मधे वरळी आणि हाजीअलीच्या १८ कोरल वसाहती उचलून दुसरीकडे नेताना पण आधी परवानग्या काढाव्या लागल्या होत्या, आणि कोणीतरी पिशवीत घालून देतो म्हणून आपण घ्यायचं होय? शिवाय एक फांदी आणली तरी हा मासा दिवसभर टोचणार, किती दिवस पुरेल ती.

वेसाव्याची_पोर

दादा बरोबर बोलतायत पण घाबरवून सोडलंय बिचाऱ्याला 😄 मी काय करते ते सांगते, माझ्याकडे मेलन नाही, कॉपरबॅंड आणि एक आठ पट्ट्यावाला बटरफ्लाय आहे, आठ पट्ट्यावाला पण कोरलच खाणारा, पण तो आता खातो.

सगळ्यात आधी पोट नको बघू, पाठ बघ. डोळ्याच्या वरचा आणि पाठीकडचा मास खचून धार आली असेल तर वेळ कमी आहे. नुसतं पोट आत असेल तर अजून हातात आहे. दुसरं, त्या टॅंगपासून वेगळा कर. वेगळा टॅंक नसेल तर त्याच टॅंकमधे भोकंभोकं असलेला मोठा पारदर्शक डबा अडकव आणि मेलनला त्यात ठेव, तिथे खाणं पण त्याच्यासमोरच राहतं आणि किती खाल्लं ते दिसतं.

आता खाणं. तुझ्या माशाला वरून पडणारं नको, चिकटलेलं हवंय. म्हणून तिसऱ्या! बाजारातून जिवंत तिसऱ्या आण, छोट्या असतील तर बरं, आरओच्या पाण्यात धू, एक-दोन दिवस फ्रीझरमधे टाक, मग वितळवून एक शिंपली काढून टाक आणि मास तसंच दुसऱ्या शिंपलीत ठेवून डब्यात तळाला ठेव. टोचायची सवय आहे ना त्याला, तो टोचतोच. मी आधी शिंपलीवर थोडं जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) पण सोडलं होतं, हलणारं दिसलं की तोंड लागतं. एकदा तिसरीची चव लागली की त्याच शिंपलीत मायसिस दाबून भरायचं, मग थोडं थोडं तिसरी कमी आणि मायसिस जास्त.

दुसरी युक्ती म्हणजे लेप. कोलंबी, तिसऱ्या, मायसिस मिक्सरला एकदम बारीक करायचं, चिमूटभर जिलेटिन, आणि मेलेल्या कोरलच्या सांगाड्याच्या खाचांत भरून सेट करायचं. त्याला वाटतं पॉलिप आहेत.

लसणाने काही होत नाही असं माझं मत, वास येतो पाण्याला फक्त.

खारट_ठाणेकर

@वेसाव्याची_पोर युक्ती झकास पण सांगाडा नको हो ताई, मेलेलं कोरल पण त्याच कायद्यात येतं. खाचा असलेला सिरॅमिक रॉक चालतो, नाहीतर मातीच्या कुंडीचा न रंगवलेला तुकडा घासून, उकळून घ्या. खरखरीत असला की लेप धरतो.

वेसाव्याची_पोर

हो, ते डोक्यातच आलं नाही, आमच्याकडे किनाऱ्यावर पडलेलं असतं. कुंडीच चांगली.

डोंबिवली_फास्ट_रीफर

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, फक्त तिसऱ्यांवर कायम ठेवू नका. बऱ्याच शिंपल्यांमधे थायमिनेज असतं, ते बी १ जीवनसत्त्व मोडतं, महिनोन्‌महिने तेच दिलं की मासा हळूहळू ढेपाळतो आणि आपण पाण्याला दोष देत बसतो. म्हणून तिसरी हा फक्त दरवाजा, पुढे मायसिस, कोलंबी, माशांची अंडी असं फिरवत राहा, आठवड्यातून दोन-तीनदा व्हिटॅमिनचे थेंब त्यात मुरवून द्या.

दुसरी म्हणजे औषध. अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले तर पॅनिक होऊन लगेच कॉपर (तांब्याचं औषध) ओतू नका. कॉपरने भूक मरते, आणि तुमचा मासा तर आधीच खात नाहीये. श्वास जोरात चालत नसेल तर आधी खायला लावायचं आणि मग उपचार, तेही वेगळ्या टॅंकमधे, कॉपर टेस्ट किट हातात ठेवून, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत. मेन टॅंकमधे कॉपर गेलं तर झिंगे, गोगलगायी साफ. पण अंगावर बारीक सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली आणि कल्ले धापा टाकतायत तर तो व्हेल्व्हेट नावाचा आजार, तिथे थांबायला वेळ नसतो, खाण्याबिण्याचं नंतर. दगडाला अंग घासत असेल पण ठिपके नसतील तर फ्लूक्स म्हणजे चिकटणारे किडे असू शकतात, बटरफ्लायला ते होतातच, त्याला प्राझिक्वांटेल, आणि ते कॉपरपेक्षा खूप सौम्य.

टेंपरेचर २६ ठीक आहे, चिलर बंद पडू देऊ नका. मे महिन्यात आपल्या खोल्यांचं टेंपरेचर माहितीये, पाणी तापलं की माशाची भूक वाढत नाही, अंगातल्या ताकदीचा खर्च वाढतो, वाळतो लवकर. आणि बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती तेव्हा ज्यांच्याकडे तो होता ते निवांत होते.

चिंचपोकळीचा_नवखा

सगळ्यांना मनापासून थॅंक्यू. शेपटीच्या मुळाशी नारिंगी आहे, म्हणजे हिंदी महासागरवाला. पाठीला धार नाही आली, पोटच आत आहे. डबा अडकवला, टॅंग बाहेरून काचेला नाक लावून बसलाय. आज लालबागच्या बाजारातून तिसऱ्या आणल्या, फ्रीझरमधे आहेत, आईने विचारलं रात्री सुकं करू का 🤦

दोन प्रश्न. दिवसातून किती वेळा द्यायचं, मी सकाळी आठला निघतो ते रात्री साडेआठला येतो. आणि ऑरिगा आणला तर त्याचं बघून हा शिकेल का, यूट्यूबवर बघितलं.

वेसाव्याची_पोर

दिवसातून चार-पाच वेळा तरी, थोडं थोडं. समुद्रात हा मासा उजेड आहे तोवर टोचत असतो, त्याच्या पोटात साठवायला जागा नाही. दोन वेळा भरपूर देऊन चालत नाही, जास्तीचं सडतं आणि अमोनिया वाढतो. आई घरी असतात ना? त्यांना शिकव. फ्रीझरमधे एकेका वेळची शिंपली वेगळ्या पुडीत ठेव, अर्धा तास आधी काढायची, चिमट्याने ठेवायची, दीड-दोन तासांनी उरलेलं उचलायचं. तिसऱ्या रोज साफ करणाऱ्या बाईला हे काहीच नाही.

खारट_ठाणेकर

ऑरिगाचं खरं आहे, खाणारा बटरफ्लाय शेजारी असला की नवीन मासा लवकर शिकतो. पण ऑरिगा वीतभर वाढतो, ३०० लिटर त्याला छोटा, आणि नवीन मासा म्हणजे नवीन आजार. आता नको. क्लाउनला त्या डब्याला लागून खायला घाला, तेवढं पुरतं बऱ्याचदा.

आणि कोणी पाळायला बटरफ्लाय शोधत असेल तर ऑरिगा किंवा क्लाईनी बघा, साधारण तीन-चार इंचाचा. फार छोटे लवकर वाळतात, फार मोठे जुन्या सवयी सोडत नाहीत. पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला सांगायचं, माझ्यासमोर खायला घाल. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

चिंचपोकळीचा_नवखा

अपडेट. पहिल्या दिवशी शिंपलीकडे ढुंकूनही बघितलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला ऑफिसमधे, म्हणाली तुझ्या माशाने टोचलं, पण थुंकलं नाही. संध्याकाळी मी बघितलं तर अर्धी शिंपली रिकामी. मायसिस अजून नाही घेत. एक विचारायचं होतं, शिंपली काढताना पाणी गढूळ होतंय, स्किमर फेस जास्त काढतोय, ते नॉर्मल का?

डोंबिवली_फास्ट_रीफर

नॉर्मल. तिसरीच्या रसाने होतं. वितळलेलं पाणी टॅंकमधे ओतू नका, शिंपली साध्या मिठाच्या पाण्यात एकदा विसळून मग ठेवा, फेस कमी होईल. अमोनिया मात्र हे दोन आठवडे रोज चेक करा. आणि मायसिसची घाई नको, अजून आठवडाभर नुसती तिसरी खाऊ दे, थोडं अंग धरू दे.