मागची गाडी दिसतेय का? – स्नोमोबाइलवरच्या एका दिवसाचे अनुभव

पुढे दोन स्की आणि खाली फिरता रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाड्या, म्हणजे स्नोमोबाइल, घेऊन आम्ही नऊ जण निघालो आणि दुपारी थांबून मोजलं तर आठ!

सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण चूक माझी होती. सगळ्यात पुढे गाईड, आठवा मी, नववे भाऊजी. सकाळी गाईडने एकच नियम तीनदा सांगितला होता: प्रत्येकाने आपल्या मागच्याची काळजी घ्यायची. फाटा आला की थांबायचं, मागच्याने आपण कुठे वळलो ते पाहिलं की मगच निघायचं. म्हणजे शेवटचा माणूस अडकला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, आणि थांबण्याची ही लाट गाईडपर्यंत पोचते. आम्ही सगळ्यांनी हेल्मेटं हलवून होकार दिला.

आता बर्फावर ओळीने गाड्या जायला लागल्या की पुढच्या पट्ट्याने उडवलेला भुगा हवेत तरंगत राहतो. पाठच्याला पांढऱ्या पिठात घुसल्यासारखं वाटतं, म्हणून तो अंतर वाढवतो. मागे वळून पाहिलं तर माणूस दिसतच नाही, फक्त एक पिवळसर दिवा दिसतो. फाट्यावर मी थांबलो, वळून पाहिलं, दिवा दिसला. आले भाऊजी. वळलो.

पुढच्या मोकळ्या जागी सगळे थांबलो. तो दिवाही येऊन थांबला. हेल्मेटची काच वर झाली, आतमध्ये पिंगट दाढीचा एक अनोळखी माणूस! तो दुसऱ्याच गटातला. म्हणाला, हो, मागे एक जण उभा होता, पण त्याने "ठीक आहे" अशी खूण केली.

भाऊजी सापडले, तीनेक किलोमीटर मागे, गाडीवर आरामात मांडी घालून. चाळीस मिनिटं बसले होते. त्यांची गाडी का थांबली हे मी सांगणार नाही, ते इथे वाचतात, वाटलं तर स्वतः लिहितील. ताईला मात्र अजून हे कळलेलं नाही.

तुमच्याकडे असा एखादा दिवस असेल तर लिहा. गाडी किती सीसीची होती आणि किती वेगाने पळवली हे नको, ते दुसरीकडे भरपूर आहे. गटात असताना काय घडलं ते लिहा.

*

आमचा घोळ खुणांचा. पुढच्याने डावा हात सरळ वर केला. मला वाटलं, कसली मजा येतेय म्हणून करतोय. मीही केला. माझ्या मागच्या मैत्रिणीनेही केला. वर केलेला डावा हात म्हणजे "थांबा", हे सकाळी सांगितलं तेव्हा मी हातमोज्यात बोटं कोंबण्यात गुंतले होते.

खुणा डाव्या हातानेच करतात, कारण उजव्या हाताच्या अंगठ्याखाली थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ, असतो. पण ब्रेकही डाव्याच हाताला! म्हणजे थांबा म्हणून हात वर केला की ब्रेक सुटला. मी ब्रेक धरला तेव्हा फार उशीर झाला होता, शिवाय ब्रेक फक्त पट्ट्याला लागतो, पुढच्या दोन स्की आपल्या घसरतच राहतात. माझ्या स्की पुढच्या गाडीच्या मागच्या रबरी फडक्याखाली घुसल्या, मैत्रिणीच्या माझ्या गाडीखाली. तीन गाड्यांची आगगाडी. कुणाला लागलं नाही. गाईड चालत मागे आला आणि एकेकीकडून सगळ्या खुणा शाळेतल्या कवायतीसारख्या करून घेतल्या. डावा हात आडवा – डावीकडे. कोपरात वाकवून वर – उजवीकडे. आडवा धरून खाली झुलवला – हळू.

ब्रेकपेक्षा अंगठा सोडणं जास्त कामाचं, हे त्या दिवशी कळलं. अंगठा सोडला की गाडी स्वतःच बऱ्यापैकी आवरते.

*

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर, दिवसभर थ्रॉटल दाबून माझा अंगठा संध्याकाळी इतका बधिर झाला की जाकिटाची चेन लावता येईना. हॅण्डल गरम करायची सोय होती, बटणाला हात कोण लावणार? मी ते दिव्याचं समजत होतो. काही गाड्यांत थ्रॉटलची पट्टी फिरवून बोटांनी दाबता येते. परत करताना समजलं.

*

भुसभुशीत, ताज्या, खोल बर्फातला अनुभव लिहिते. आम्ही सहा जण, बाई मी एकटी.

मळलेली वाट सोडून आम्ही मोकळ्या माळावर गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांत आमच्यातल्या सर्वांत अनुभवी गृहस्थांची गाडी रुतली. रुतली की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे थ्रॉटल दाबतो. पट्टा फिरतो, स्वतःखालचा बर्फ मागे फेकतो आणि गाडी आपलीच कबर खणते. दोन सेकंदांत मागचा भाग सीटपर्यंत आत, स्की आभाळाकडे. गृहस्थ ऐटीत खाली उतरले आणि कमरेपर्यंत गेले.

मग पाच पुरुषांच्या पाच सूचना सुरू झाल्या. एक म्हणे मागून ढकला. (चालू पट्ट्याच्या मागे उभं राहायचं नसतं. त्यावरच्या रबरी फळ्या काय वेगाने फेकतात ते एकदा लांबून बघा.) एक म्हणे स्की धरून ओढा. दोनशे किलोंच्या पुढची गाडी, आणि ओढणाऱ्याच्या पायाखाली जमीनच नाही. वीस मिनिटं घामाने भिजले सगळे, आणि थंडीत भिजलेला माणूस ही पुढची आफत.

मी आदल्या दिवशी एका मुलीला हे एकटीने सोडवताना पाहिलं होतं. म्हटलं, बंद करा आधी गाडी. खालच्या उताराकडे तिला कुशीवर आडवी पाडली. पट्ट्याखाली खोदला गेलेला खड्डा दिसला, तो पायाने बर्फ लोटून भरला, वर उभं राहून तुडवला. समोरही दोन-तीन गाड्यांच्या लांबीएवढी वाट तुडवली. तुडवून पाच-दहा मिनिटं तशीच सोडली, म्हणजे बर्फ धरतो. हे थांबणंच कुणाला जमत नाही. मग गाडी सरळ केली, गृहस्थांना म्हटलं हलक्या अंगठ्याने, आणि पुढे निघालात की पुन्हा वळून बघायला थांबू नका.

निघाले. पन्नास मीटरवर आभार मानायला थांबले. पुन्हा रुतले.

*

वरचं वाचून हसलो, पण आमचे तीन तास गेले ते बेल्टमुळे. नवख्यांसाठी सांगतो, बाहेर दिसतो तो पट्टा आणि हुडखाली दोन पुलींवर फिरून इंजिनाची ताकद पट्ट्याकडे नेतो तो बेल्ट, या दोन वेगळ्या गोष्टी. चढावर फट्ट असा आवाज, जळक्या रबराचा वास, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. हुड उघडलं तर बेल्टच्या दोऱ्या पुलीत गुंडाळल्या होत्या, घोड्याची शेपटी अडकावी तशा. जादा बेल्ट हुडखाली क्लिपमध्ये असायला हवा. क्लिप होती. बेल्ट नव्हता. भाड्याची गाडी घेताना आम्ही तिच्यावरचे ओरखडे मोजले, हुड उघडून पाहिलं नाही.

दुसऱ्या गाडीचा बेल्ट वेगळ्या मापाचा, त्यामुळे गाडी ओढायला दोर आणेपर्यंत बसून राहिलो. तेव्हा गटातल्या एका वयस्कर काकांनी बोम्बार्डिएची गोष्ट सांगितली. कॅनडात क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचा हा मेकॅनिक. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, दवाखाना गाठता आला नाही आणि मूल गेलं. 1937 मध्ये त्याला पट्टा आणि तो फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि त्यावर सात माणसं बसतील अशी बंद गाडी त्याने बनवली. आपण मजेसाठी फिरवतो ती हलकी गाडी 1959 ची, स्की-डू. काकांचं म्हणणं, ही मुळात डॉक्टरकडे पोचवणारी गाडी आहे. बेल्ट तुटलेल्या गाडीवर बसून ते ऐकताना कुणीच काही बोललं नाही.

*

गोठलेलं तळं. वर बर्फाचा जाड थर, दिसायला मैदान. त्या थराच्या वजनाने खालचा गोठलेला तवा दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि बर्फाच्या रजईखाली न गोठता राहतं. पहिली गाडी सुटते. तिच्या चाकोरीत राखाडी चिखल वर येतो आणि त्याच चाकोरीतून जाणारी दुसरी गाडी बसते. दुसरी गाडी माझी होती.

सांगितलं होतं: राखाडी दिसलं तर पुढच्याची चाकोरी सोडा, बाजूने स्वच्छ बर्फ धरा आणि अंगठा सोडू नका. मी राखाडी पाहिलं, घाबरलो, अंगठा सोडला. घोट्यापर्यंत गार पाणी बुटात. तवा पुरेसा जाड होता म्हणून बुडण्याचा धोका नव्हता, पण हे मला तेव्हा कुठे माहीत! मी ओरडत होतो आणि पुढचे सगळे किनाऱ्यावर पोचून हात हलवत होते.

स्नोमोबाइलला निदान 13 ते 18 सेंटिमीटर स्वच्छ, निळसर गोठलेलं पाणी हवं म्हणतात, पांढरट असेल तर दुप्पट. गाईडने सकाळी छिद्र पाडून मोजलं होतं. ओला पट्टा रात्रीत दगड झाला, तो सकाळी ठोकत बसलो ते वेगळंच.

*

मजेशीर नाही, तरी लिहितो.

डोंगराच्या उतारावर आमच्यातला एक जण मध्यावर अडकला. रुतला, इतकंच. दुसऱ्याने लगेच गाडी काढली, मदतीला. गाईड एवढ्या जोरात ओरडला की हेल्मेटमधून ऐकू आलं. तो दुसरा अर्ध्यावर थांबला आणि त्याच क्षणी पायाखालून "वुफ्फ" असा दबका आवाज आला. गादीवर कुणी धपकन बसावं तसा. बर्फाचा आतला कच्चा थर बसल्याचा तो आवाज. उतारावर केसाएवढी रेघ उमटली, आडवी, पन्नासेक पावलं लांब.

हिमकडा सुटला नाही. सुटला असता तर दोघं गेले असते, आणि शोधायला उरलेल्यांपैकी एकाचं शोधयंत्र (गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून प्रत्येकाने अंगावर बांधायचं, संदेश पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) जाकिटाच्या आत होतं, पण फोन त्याला लागूनच खिशात. ही यंत्रं सगळ्या जगात 457 किलोहर्ट्झवर बोलतात आणि फोन जवळ असला की गोंधळतात. संदेश पाठवताना निदान 20 सेंटिमीटर, शोधताना 50 सेंटिमीटर लांब ठेवायचा असतो. गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात आम्ही फोन खिशातून काढला असता का, कोण जाणे.

उतारावर एका वेळी एकच गाडी. अडकलेला स्वतः सोडवतो, बाकीचे उतार जिथे संपतो त्याच्याही बाहेर, गाड्यांची तोंडं पळायच्या दिशेला करून थांबतात, नजर त्याच्यावर. ऐकताना हे निर्दयी वाटतं. मदतीला धावणारा तो दुसरा मी होतो.

*

मी चालवत नाही, मागे बसते. नवरा म्हणतो मागे बसणाऱ्याला काही करायचं नसतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं, सावली म्हणून नाही, खाली-वर एकच पांढरं. हातभर खोल घळ त्याला दिसली नाही, मलाही नाही, गाडीला दिसली. वळणावर तो एकीकडे झुकला, मी दुसरीकडे धरून बसले, म्हणून कलंडलो असं त्याचं मत. आता काच बदलून पिवळी घेतली आहे आणि झुकण्याबद्दल घरात बोलणं बंद आहे.

*

एक विरोधी सूर. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मोजायचं, वळून बघायचं... फिरणार कधी? आमचे चार जण पंधरा वर्षं एकत्र चालवतात, एकमेकांच्या इंजिनाचा आवाज ओळखतात, कुणी कुणाला मोजत नाही. नवख्यांच्या गटाला हे नियम ठीक. (वुफ्फवाल्यांचं मात्र शब्दशः खरं आहे. तिथे वाद नाही.)

*

मीच तो भाऊजी.

मेहुण्याने सभ्यपणा दाखवून कारण लपवलं, पण इथे लोक आपापले बेल्ट आणि बुटातलं पाणी सांगतायत, तर मी तरी का लाजू?

हातमोजा निसटला म्हणून थांबलो, उतरलो, उचलला, परत बसलो. इंजिन बंद पडलेलं. स्टार्टर दाबला. फिरतोय, पण इंजिन धरत नाही. पुन्हा दाबला. पेट्रोल पाहिलं, होतं. हुड उघडून आत पाहिलं, म्हणजे नुसतं पाहिलं. पुन्हा दाबला. पुढचे सगळे दिसेनासे झाले आणि मग जी शांतता झाली तशी मी जन्मात ऐकली नव्हती. तापलेलं धातूचं काहीतरी गार होताना टिक् टिक् वाजत होतं, तेही थांबलं.

मग मागून तो दाढीवाल्यांचा गट आला. पहिल्याने वेग कमी केला आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मला वाटलं, नमस्कार करतोय. मीही केला. दुसऱ्याने केला, त्यालाही केला. पाच जण गेले, पाचही जणांना मी हसून अंगठा दाखवला. ते "सगळं ठीक ना?" असं विचारत होते, हे मला गाईडने सांगितलं.

गाईड आला, इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या जाकिटाला गुंडाळीच्या दोरीने एक लाल टोपी लटकत होती. माणूस पडला की ती निघते आणि इंजिन बंद होतं, ती. उतरताना मीच ती ओढून काढली होती. स्टार्टर दाबायला वाकलो की दरवेळी गुडघ्यावर काहीतरी टकटक लागत होतं, ते हेच. त्याने ती उचलली, जागेवर बसवली आणि बटण दाबलं.

आणि चाळीस मिनिटं नव्हती, छत्तीस होती. मला दुसरं कामच नव्हतं, मोजत बसलो होतो.