वावर विकून कोकणात जाण्याआधी

भाऊ, दारव्ह्याकडचं वावर विकून श्रीवर्धनजवळ समुद्रकाठी स्थायिक व्हायचा तुमचा विचार वाचला. कळकळीनं सांगतो, सगळं वावर आधीच विकू नका. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणूनच तुम्हाला तिकडे शेतकरी म्हणून शेतजमीन घेता येईल.

कोकणातला सातबाराही नीट वाचा. छोट्याशा तुकड्यावर चुलत्या-पुतण्यांची ढीगभर नावं असतात, त्यातले निम्मे मुंबईत. एकाची सही राहिली की प्रकरण कोर्टात. शिवाय सीआरझेडमुळे (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांमुळे) बऱ्याच ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवीन घर बांधता येत नाही. दलाल हे स्वतःहून सांगत नाही. सीआरझेडचा मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पाण्याची तर मला फार काळजी वाटते. आपल्या यवतमाळात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, तिकडे तीन हजारांच्या वर. तरी एप्रिल-मेमध्ये टँकर येतात! जांभा दगड पाणी धरत नाही आणि किनाऱ्याजवळ उपसा वाढला की विहीर खारट होते. आपल्या काळ्या मातीची सवय असलेल्याला हे पटकन लक्षात येत नाही.

वादळाचंही बघा. 3 जून 2020 ला 'निसर्ग' त्याच पट्ट्यात धडकलं. नारळी-पोफळीच्या जुन्या बागा आडव्या झाल्या. नवा नारळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवणार?

वहिनींना घेऊन मे आणि जुलै असे दोन महिने तिथं भाड्यानं राहा. वावर तोवर मक्त्यानं द्या.