विषय: डिसेंबरचा मेळावा, ठाणे की वाशी? (पुन्हा)

प्रेषक: खजिनदार
मंडळी, ठाण्यातल्या नौपाड्याच्या सभागृहाचं डिपॉझिट शुक्रवारपर्यंत भरायचंय. दिवस रविवारचा, म्हणजे ट्रान्सहार्बरला (ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलला) मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असू शकतो. बेलापूर-पनवेलची मंडळी कशी पोचणार? शनिवार करू का? आजच कळवा.

प्रेषक: ताई, वाशी
शनिवार नको, निम्म्या घरांत ऑफिस असतं. त्यापेक्षा वाशीलाच ठेवा. परिसंवाद लंडनबाहेरची शहरं ब्रिटनच्या रखडलेल्या अर्थव्यवस्थेला हात देतील का, यावर आहे ना? मग तो सिडकोने १९७० नंतर मुंबईबाहेर उभ्या केलेल्या या नवी मुंबईतच शोभेल.

प्रेषक: नाना, कोपरी
ताई, वाशीला ठेवलं तर ब्लॉकमध्ये आम्ही ठाणेकर अडकू, एवढाच फरक.

१९९६ साली मी नवी मुंबईत तुर्भ्याच्या एमआयडीसीत होतो. लोकलने जायचं तर उलटं कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडायची. बसने जावं तर पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी. इकडे ठाण्यात वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडत होते, हाताला कसब असलेले फिटर घरी बसले होते, आणि आमच्याकडे माणसं मिळत नव्हती. ठाणे आणि तुर्भे खाडीपुलावरून रस्त्याने जोडलेली, तरी रेल्वेने जायला वाट मुंबईकडून. २००४ ला ठाणे-वाशी गाडी सुरू झाली, मग ठाण्याची पोरं तिकडे नोकरीला जाऊ लागली.

माझी मुलगी लीड्सला राहते, नोकरी मँचेस्टरला. तिची जाण्यायेण्याची अडचण मला ओळखीची वाटते. राजधानीला जोडून शहरं मोठी होत नाहीत, शेजारच्या शहराला जोडली की होतात. परिसंवादात हे यायलाच हवं.

प्रेषक: मँचेस्टरहून
नाना, लीड्सहून इथे यायला गाडी वेळेवर असली तर तास लागतो. इथल्या पिकॅडिली स्टेशनात १३ आणि १४ नंबरच्या फलाटांवर आरपार जाणाऱ्या सगळ्या गाड्यांची दाटी, एक खोळंबली की मागच्या सगळ्या. एचएस-टू या नव्या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅम-मँचेस्टर टप्पा तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तोही मँचेस्टरमध्येच भाषण करून.

पण नुसते रूळ पुरत नाहीत, अधिकार लागतात. १९८६ पासून लंडन सोडून बाकी ठिकाणच्या बस खासगी कंपन्यांच्या हिशेबाने चालायच्या. आमच्या रुग्णालयाच्या वॉर्डात शेजारच्या विगनहून येणारी एक मुलगी दोन कंपन्यांची दोन तिकिटं काढायची. सप्टेंबर २०२३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे महापौर बर्नहॅम यांनी बससेवा टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतली, जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरं झालं. आता बस आणि ट्रामचं मिळून तिचं दिवसाचं भाडं एका मर्यादेपलीकडे जात नाही. रात्रपाळी घेते ती आता.

प्रेषक: ताई, वाशी
हेच म्हणते मी. आमच्या महापालिकेने मोरबे धरण स्वतःचं केलं, पाण्याची ददात गेली. रेल्वे मात्र आमच्या हातात नाही. दिघा स्टेशन बांधून तयार होतं, तरी कित्येक महिने बंद. जानेवारी २०२४ ला उघडलं तेव्हा कुठे तिथल्या बायकांची ऐरोलीपर्यंतची पायपीट थांबली.

प्रेषक: सचिव
सभागृह कार्यकारिणी ठरवते. ईमेलच्या यादीवर विचारण्याआधी खजिनदारांनी मला फोन करायला हवा होता. वक्ते आणि मुद्दे ऑगस्टमध्येच ठरलेत, आता त्यात भर नको.

प्रेषक: नाना, कोपरी
सचिवसाहेब, मला वक्ता व्हायचं नाही. प्रश्नोत्तरांत पाच मिनिटं द्या. फिटरांची गोष्ट कुणीतरी सांगितली पाहिजे.

प्रेषक: खजिनदार
सचिवांशी बोललो. नौपाडा, रविवार, कायम. ब्लॉक बहुधा अकरानंतर लागतो, म्हणून सकाळी साडेनऊला सुरुवात, नाश्ता तिथेच. दुपारी साडेचारला संपवू, म्हणजे परतीला गाड्या मिळतील. नानांना पाच मिनिटं. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी मोटारी हव्यात.

प्रेषक: ताई, वाशी
माझ्या गाडीत तिघांची जागा आहे. सीवूड्सच्या काकूंना मी घेते, आठला निघू.