सांबरा (बेळगाव विमानतळ) ते मुंबई विमान: नक्की वेळ किती धरायची? मदत हवी आहे

मंडळी, आईला (वय ७१, व्हीलचेअर लागते) निपाणीहून दिल्लीला बहिणीकडे पाठवायचंय. सांबऱ्याहून मुंबई, तिथून दुसऱ्या कंपनीचं दिल्ली. दोन वेगळी तिकिटं, म्हणजे मुंबईत बॅग घेऊन पुन्हा चेक-इन आलंच.

अंतर मोजणाऱ्या साइटवर सांबरा-मुंबई सरळ रेषेत साधारण ४०० किमी आणि वेळ ३० मिनिटं दिसते. तिकिटावर सव्वा तास! एवढं कळलं की साइट मोठ्या जेटचा वेग धरते, आणि तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, मुंबईवर घिरट्या, उतरून गेटला लागणं हे सगळं येतं. म्हणून साइटचा आकडा सोडूनच दिला.

दोन विमानांत सध्या २ तास २० मिनिटं मिळतायत. त्यात काउंटर तासभर आधी बंद होणार, आणि टर्मिनल बदलावं लागलं तर बाहेरून गाडीनं जायचं. आईजवळ एक बॅग आणि कुंद्याचा डबा. तो ती हातातून सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवलंय.

कोल्हापूर आम्हाला जवळ आहे, पण तिथल्या वेळा जुळत नाहीत. ट्रेन नको, गुडघे साथ देत नाहीत. तारीख दोन दिवस मागेपुढे चालेल.

सांबऱ्याहून अलीकडे मुंबईला गेलेल्यांनी सांगा: विमान सुटल्यापासून बॅग हातात येईपर्यंत प्रत्यक्षात किती वेळ लागला? आणि व्हीलचेअरवाल्या माणसाला २ तास २० मिनिटं पुरतील, की पुढचं, साडेचार तासांनंतरचं विमान घेऊ?