डॉलरवरचा डोळा आणि आमचा पुतण्या

विश्रामबागकर: पुतण्या बारावीला आहे. काल आयर्विन पुलाजवळ भडंग खाता खाता मोबाइल पुढं केला. "काका, एक डॉलरच्या नोटेवर पिरॅमिड, वर डोळा, पायथ्याला रोमन आकड्यांत १७७६. जगावर गुपचूप राज्य करते म्हणतात ती इल्युमिनाटी ही गुप्त संघटना त्याच साली निघाली. आता बोला!" मी गप्प. हातातली भडंगाची पुडीपण त्रिकोणीच होती, तेवढं मात्र ध्यानात आलं. काय सांगू त्याला?

हळदपेठ: साल जुळतं, पण ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं आहे. पिरॅमिडचे १३ थर म्हणजे अमेरिकेच्या मूळ १३ वसाहती. हे चित्र अमेरिकेच्या राजमुद्रेतलं, मुद्रा १७८२ ची, एक डॉलरच्या नोटेवर आली १९३५ मध्ये. इल्युमिनाटी मात्र खरी होती हो. जर्मनीतल्या बव्हेरियात वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकानं काढली, अन् १७८५ पर्यंत तिथल्या शासकानं बंदी घालून मोडलीसुद्धा. डोळा तर जुन्या ख्रिस्ती चित्रांत देवाची नजर म्हणून आधीपासून आहे.

कृष्णाकाठ: त्रिकोणच शोधायचे तर श्रीयंत्र दाखवा की त्याला. आमच्या आजीच्या देवघरात आहे, म्हणजे आजीपण त्यातलीच!

विश्रामबागकर: सगळं सांगून झालं. म्हणतो, "बंदी घातल्याचं नाटक असेल." म्हणजे पुरावा नाही हाच पुरावा. आजीचा विनोद ऐकून मात्र हसला. मग केमिस्ट्रीच्या वहीचं मागचं पान उघडलं, तर पानभर डोळेच डोळे. दादाला दाखवू का नको, तेवढं सांगा.