दोन मिनिटांत संपणाऱ्या गोष्टी : एवढ्या का आवडतात आणि कुठे मिळतील?

शटलवाली :
नमस्कार मंडळी. मी रोज मडगाव-पणजी शटलने ये-जा करते. पूर्वी कुठ्ठाळीला तासन्‌तास अडकायचो तेव्हा जाड कादंबऱ्या वाचून झाल्या, आता नवा झुआरी पूल झाला, कोंडी गेली आणि तिच्याबरोबर माझा वाचायचा वेळपण गेला :) आता दहा पानं झाली की डोळा लागतो. पण गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक सहा-सात ओळींची गोष्ट टाकली, वेर्ण्याच्या आधीच वाचून संपली आणि दुपारी ऑफिसात डबा उघडला तर परत तीच डोक्यात. संध्याकाळी घरी येऊन आईलापण सांगितली. इतकुशा गोष्टीत असं काय असतं? आणि अशा चांगल्या कुठे वाचायला मिळतील? मराठीतल्या आधी सांगा, इंग्लिशपण चालतील.

कुळागरातून :
मराठीत हल्ली याला अलक म्हणतात, म्हणजे अति लघु कथा. आणि बरोब्बर शंभर शब्दांची असेल तर शशक, शतशब्दकथा. मिसळपाव आणि मायबोली या दोन्ही साईटींवर शशकच्या स्पर्धा झाल्यात, तिथे नुसतं "शशक" सर्च करा, एक अख्खा पावसाळा पुरेल एवढं सापडेल. सगळ्याच बऱ्या आहेत असं नाही, पण खालचे प्रतिसाद जरूर वाचा, लोक कधीकधी मूळ गोष्टीपेक्षा भारी अर्थ काढतात. शंभर शब्दांची ही अट मुळात इंग्लंडातल्या सायन्स फिक्शनवेड्यांची, १९८०च्या दशकातली, तिकडे तिला ड्रॅबल म्हणतात.

जुना_वाचक :
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ग्रुपवर फिरणाऱ्या निम्म्या अलक म्हणजे गोष्टीचा सदरा घातलेले सुविचार. सून वाईट वाटते, शेवटच्या ओळीत ती देवमाणूस निघते. नाहीतर मग शेवटी कळतं की बोलणारा आधीच मेलेला होता. एकदा कळलं की परत वाचायला काय उरलं? आणि हे काही नवीनपण नाही, खांडेकरांच्या रूपककथा आम्ही शाळेत असताना वाचल्यात, त्यापण दीड-दोन पानांच्याच. लोकांना वाचायचा कंटाळा आलाय, एवढंच.

अबोली :
काका, धक्क्याबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं, कंटाळ्याबद्दल नाही. मी स्वतः लिहिते म्हणून सांगते, लहान लिहायला जास्त वेळ लागतो. माझीच एक देते, हसू नका (गोव्याबाहेरच्यांसाठी : पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, उंडे म्हणजे त्याचे पाव) :

"पोदेराचा भोंगा वाजला तशी आजी पिशवी घेऊन दारात आली. 'आज चारच दे.' पोदेराने सवयीने सहा उंडे मोजले होते. दोन परत टोपलीत ठेवले आणि पैसे न घेताच सायकल वळवली."

पहिल्यांदा लिहिली तेव्हा खाली अजून एक ओळ होती, "आजोबा जाऊन आज तेरा दिवस झाले होते." तीन दिवस ती ओळ ठेवली, मग काढली. काढल्यावर मैत्रिणीला वाचायला दिली तर तिला वाटलं मुलगा-सून वेगळे राहायला गेले. मला आधी वाईट वाटलं, पण नंतर वाटलं की तिच्या घरात तेच झालंय म्हणून तिला तेच दिसलं, म्हणजे गोष्टीचा अर्धा भाग तिने आणला. शटलवाली ताई, तुम्हाला डब्यावर गोष्ट आठवली ती त्यामुळेच असणार. (आणि हो, ही गोष्ट माझं नाव कापून आमच्याच कॉलनीच्या ग्रुपवर फिरून आलीये, खाली हात जोडलेले इमोजी लावून. कुणाला सांगणार!)

रायबंदरकर :
इंग्लिशमध्ये स्मोकलाँग क्वार्टर्ली बघा, फुकट आहे, २००३पासून चालू. नाव असं कारण एक सिगरेट ओढून होईपर्यंत गोष्ट वाचून व्हावी. मी सिगरेट सोडली, त्यामुळे माझं माप रायबंदर-चोडण फेरी. विगलीफपण चांगलं, तिथे हजार शब्दांच्या आतलंच घेतात. फ्लॅश फिक्शन हे नाव रुळलं ते १९९२ साली त्याच नावाचा एक संग्रह आला तेव्हापासून, पण वस्तू जुनी आहे. जपानचे कावाबाता, १९६८चे नोबेलवाले, जन्मभर तळहाताएवढ्या गोष्टी लिहीत राहिले, इंग्लिश भाषांतर मिळतं. मंटोचं 'सियाह हाशिये' तर वाचाच, १९४८चं, फाळणीच्या दंगलींवरचे तुकडे, काही दोन-तीन ओळींचे. बसमध्ये नका वाचू मात्र, ते उतरत नाही डोक्यातून. पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा.

आणि एक, इंग्लिशमध्ये सहा शब्दांची ती बाळाच्या बुटांची गोष्ट ("विकणे आहे : बाळाचे बूट, कधीच न घातलेले") कुणी हेमिंग्वेची म्हणून पाठवली तर मान डोलावू नका. तो १९६१ला गेला, त्याचं नाव तिला चिकटलं ते त्यानंतर खूप वर्षांनी.

जुना_वाचक :
अबोली बाय, उंड्यांची गोष्ट बरी आहे. पैसे न घेताच, हे आवडलं. माझा कंटाळ्याचा मुद्दा अर्धा मागे घेतो. त्यावरून आठवलं, ग्वातेमालाच्या मॉन्तेरोसो नावाच्या लेखकाची एका वाक्याची गोष्ट आहे, १९५९ची, मूळ स्पॅनिशमध्ये फक्त सात शब्द. एकजण जागा होतो आणि डायनोसॉर अजून तिथेच असतो, संपली. आमचे वडील पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांना स्पॅनिश वाक्य वाचून दाखवलं तर न सांगता कळलं. म्हणाले, "अजून म्हणजे? आधीपण होता?" आणि मग जेवणभर तेच. तेव्हा मी त्याला गोष्ट मानायला तयार नव्हतो.

शटलवाली :
देव बरें करूं सगळ्यांचं! आज येताना शशकच वाचत होते. तीन आवडल्या, पाच सोडल्या, एकीत परत मेलेला माणूस निघाला, काकांची आठवण झाली. आणि बसमध्येच एक लिहायला घेतली, शटलच्या तिकिटाच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यावर. एकशेचार शब्द झालेत. चार कुठले काढू कळत नाहीये.

अबोली :
टाका की इथे! पण न वाचताच सांगते, शेवटचे चार असणार.